चोवीस फ्लॅट, चोवीस याद्या: पुनर्विकासातल्या घरवाटपाचा हिशेब

पुनर्विकासात कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती, भाडं किती, वाढीव कार्पेट किती यावर वर्षानुवर्षं खल होतो आणि शेवटी तो मिटतो, कारण ते आकडे सगळ्यांना सारखेच लागू असतात. कोणाला कोणता फ्लॅट हा प्रश्न तसा मिटत नाही. नववा मजला एकाला मिळाला की तो बाकीच्यांना मिळालेला नसतो. मुलुंड पूर्वेच्या एका संस्थेत हे वाटप प्रोग्रामने केलं, त्याची ही नोंद. प्रोग्राम तीसेक ओळींचा होता आणि एका संध्याकाळी लिहून झाला. त्याच्या आधी नियम ठरवायला अडीच महिने लागले आणि खरं काम तेच होतं.

जुनी इमारत तळमजला अधिक चार, दोन विंग, ४० सदस्य. नव्या टॉवरमध्ये सदस्यांचे फ्लॅट दुसऱ्या ते दहाव्या मजल्यावर, मजल्याला पाच: ०१ आणि ०२ दोन बेडरूमचे, ०३, ०४, ०५ एक बेडरूमचे. आठव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया (आगीच्या वेळी आसरा घ्यायची मोकळी जागा) आणि सोसायटीचं ऑफिस, त्यामुळे तिथे सदस्यांचा एकही फ्लॅट नाही. म्हणजे आठ मजले, दोन बेडरूमचे १६ आणि एक बेडरूमचे २४. वाटप दोन्ही आकारांचं वेगवेगळं; जुन्या क्षेत्रफळाप्रमाणे सदस्यही १६ आणि २४. हा मेळ आधी बसवून घ्यायचा आणि तो मंजूर नकाशावरूनच. माहितीपत्रकातल्या चित्रात आठवा मजला इतरांसारखाच दाखवला होता. त्यावरून यादी केली असती तर पाच फ्लॅट हवेत वाटले गेले असते.

फ्लॅट एकाच आकाराचे असले तरी सारखे नसतात. ०५ रेल्वेच्या बाजूला, पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत आवाज, पण संध्याकाळचा वारा तिथलाच. ०४ समोर शेजारची इमारत. ०३ समोर शाळेचं मैदान. नैर्ऋत्येच्या भिंतीवर पावसाचा मारा, दहाव्याच्या डोक्यावर गच्ची. आवडीनिवडी अशा वेगवेगळ्या आहेत म्हणूनच वाटपात काही कमावता येतं. सगळ्यांना एकच फ्लॅट हवा असता तर कोणतीही पद्धत लावा, निकाल लॉटरीच.

सभेत पहिली सूचना आली ती "म्हाडासारखी लॉटरी काढा" अशी. म्हाडाच्या सोडतीत घर मिळणार की नाही हे ठरतं. इथे घर सगळ्यांना मिळणारच आहे, कोणतं एवढंच ठरायचं आहे. डब्यात फ्लॅट नंबरच्या चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एक उचलली तर संधी सगळ्यांना सारखी मिळते, यात शंका नाही. पण ज्याला शांत घर हवं त्याला ९०५ येतो, ज्याला वारा हवा त्याला २०३, आणि दोघंही हळहळत बसतात.

दुसरी सूचना: "ज्याची पहिली पसंती त्याला आधी द्या; एकाच फ्लॅटला दोघं असतील तर चिठ्ठी. मग दुसरी पसंती बघा." ऐकायला ही फार न्याय्य वाटते. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात शाळाप्रवेश याच तत्त्वावर होत असत आणि २००५ साली ती पद्धत बंद करावी लागली. कारण सोपं आहे. ६०३ वर दहा जणांचा डोळा आहे हे कळलं की शहाणा माणूस ६०३ लिहीतच नाही, सुरक्षित फ्लॅट पहिल्या क्रमांकावर टाकतो. जो मनातलं प्रामाणिकपणे लिहितो तो पहिल्या फेरीत हरतो, आणि दुसऱ्या फेरीपर्यंत त्याची दुसरी पसंतीही गेलेली असते.

तिसरी सूचना संगणकाशी संबंध असलेल्या तरुण सदस्यांची: हंगेरियन पद्धत. हॅरल्ड कून यांनी ती १९५५ साली मांडली आणि केनिग व एगर्व्हारी या दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावर ती उभी असल्याने तिला हे नाव मिळालं. प्रत्येकाने पसंतीक्रम द्यायचा, मिळालेल्या फ्लॅटचा क्रमांक म्हणजे त्याची "किंमत", आणि सगळ्यांच्या किमतींची बेरीज कमीत कमी येईल अशी मांडणी शोधायची. असा तक्ता सोडवणारं तयार फंक्शन पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या सायपाय लायब्ररीत आहे. २४ बाय २४ चा तक्ता पापणी लवायच्या आत सुटतो. आमचाही पहिला कल इकडेच होता. मग कागदावर तीन सदस्यांचं उदाहरण मांडलं.

क ची यादी: ६०३, ९०५, ५०३. ग ची यादी अगदी तीच. ख ची: ५०३, ९०५, ६०३. तिघं खरं बोलले तर ख ला ५०३ मिळतो, आणि ६०३ क ला दिला काय, ग ला दिला काय, बेरीज १ + १ + २ = ४ च येते. बरोबरी, म्हणून नाणेफेक. इथपर्यंत ठीक. आता ग ने यादी बदलून ६०३, ५०३, ९०५ अशी लिहिली. ५०३ त्याला नकोच आहे, आणि तो ख कडे जाणार हे त्याला माहीत आहे. आता ६०३ क ला आणि ९०५ ग ला दिला तर बेरीज १ + १ + ३ = ५ होते. ६०३ ग ला आणि ९०५ क ला दिला तर ४. यंत्र कमी बेरीज निवडतं, आणि ६०३ खोटं लिहिणाऱ्याच्या पदरात पडतो. नाणेफेकीची जागा खात्रीने घेतली, आणि तोटा झाला तो खरं लिहिणाऱ्या क चा. ४० शेजाऱ्यांमध्ये, जिथे कोणाला काय हवंय हे जिन्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना माहीत असतं, तिथे ही पद्धत लावू नये. कामगारांना मशीनवर नेमायला ती उत्तम आहे, कारण मशीन खोटं बोलत नाही.

शेवटी ठरली ती सगळ्यात साधी पद्धत. सदस्यांचा एक यादृच्छिक क्रम काढायचा. पहिला आपल्या यादीतला पहिला फ्लॅट घेतो, दुसरा उरलेल्यांतला आपला सर्वात वरचा, असं शेवटपर्यंत. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचा सांगाडा हाच आहे. तिथे क्रम गुणांनी ठरतो, इथे नशिबाने. तुमची पाळी कितवी हे तुमच्या यादीवर अवलंबून नसतं, म्हणून खोटं लिहून फायदा होत नाही. वरच्या उदाहरणात क्रम क, ग, ख असा लागला तर ६०३ क नेतो, आणि खोट्या यादीमुळे ग च्या वाट्याला नको असलेला ५०३ येतो. खरं लिहिलं असतं तर त्याला ९०५ मिळाला असता.

दुसरा गुण असा की वाटपानंतर अदलाबदल करून सगळ्यांचाच फायदा होईल असा गट उरत नाही. असा गट आहे असं धरा. त्यातल्या ज्याची पाळी सगळ्यांत आधी होती त्याच्याकडे बघा. त्याला आता हवा असलेला फ्लॅट त्याच्या पाळीच्या वेळी मोकळाच होता, कारण तो नंतर आलेल्या कोणीतरी घेतला. मग त्याने तो तेव्हाच का घेतला नाही? म्हणजे असा गट असूच शकत नाही. सभेत हा युक्तिवाद दोन मिनिटांत सांगता येतो आणि लोकांना पटतोही.

तरीही ज्येष्ठ मंडळी चिठ्ठीवर ठाम होती. हातात कागद येतो, डोळ्यांना दिसतं, त्यावर विश्वास बसतो. या आग्रहाचा मान राखायला एक सुंदर निष्कर्ष उपयोगी पडला. लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांच्या १९७४ च्या लेखात अदलाबदलीच्या चक्रांची पद्धत आहे. प्रत्येकाकडे एक घर आहे, प्रत्येकजण आपल्या सर्वात आवडत्या घराच्या मालकाकडे बोट दाखवतो. सगळे कोणाकडे तरी बोट दाखवत असल्याने कुठेतरी चक्र पूर्ण होतंच. त्या चक्रातले लोक घरं बदलून बाजूला होतात आणि उरलेले पुन्हा बोट दाखवतात. १९९८ साली अब्दुलकादिरोग्लू आणि सोन्मेझ यांनी सिद्ध केलं की घरांच्या चिठ्ठ्या टाकून नंतर ही चक्रं चालवा किंवा पाळीचा क्रम काढून निवडू द्या, प्रत्येक अंतिम वाटपाची शक्यता अगदी सारखीच येते. म्हणजे चिठ्ठीवाले आणि क्रमवाले एकाच गोष्टीसाठी भांडत होते. हे कळल्यावर क्रमाला मत देणं म्हणजे चिठ्ठी हरली असं कोणाला वाटलं नाही, आणि ठराव एकमताने झाला.

मग अपवाद. पुनर्विकासातलं वाटप बिघडतं ते इथे. ज्येष्ठांना खालचे मजले द्या अशी मागणी आली, पण निम्म्याहून अधिक सदस्य साठीच्या पुढचे. अग्रक्रम निम्म्यांना दिला तर तो अग्रक्रम राहत नाही. ठराव असा झाला: अपंगत्वाचं प्रमाणपत्र ज्या घरात आहे त्यांना क्रमाच्या आधी निवड, पण फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर. ते नको असेल तर सर्वसाधारण क्रमात यायचं. अशी दोनच घरं निघाली. "फक्त दुसरा-तिसरा" ही अट महत्त्वाची आहे. ती नसती तर सोयीसाठी दिलेला अग्रक्रम दहाव्या मजल्यावर वापरता आला असता.

दोन भावांची मागणी होती शेजारी फ्लॅटची. रास्त मागणी. पण त्यांनी सुचवलेला मार्ग, दोघांपैकी ज्याचा नंबर आधी येईल तो दोघांसाठी धरायचा, चुकीचा होता. २४ जणांत पहिल्या सहांत येण्याची शक्यता एकट्याला २५ टक्के. दोघांतला चांगला नंबर धरला तर ती जवळजवळ ४५ टक्के होते. म्हणून जोडीला एकच नंबर: २३ पाळ्या, पहिल्या सहांत येण्याची शक्यता २६ टक्के. पाळी आली की जोडीने एकाच मजल्यावरचे लागून असलेले दोन फ्लॅट घ्यायचे. तसे उरले नसतील तर काय, हेही आधीच लिहून ठेवायचं: दोघांनी आपापल्या यादीप्रमाणे लागोपाठ एकेक घ्यायचा.

पैशांनी फरक भरून काढायची, म्हणजे वरच्या मजल्याला जास्त रक्कम लावून सगळे समाधानी होतील अशा किमती शोधायची पद्धतही आहे. भाड्याच्या घरात खोल्या वाटून घेणाऱ्या मित्रांना ती छान चालते. इथे चालवली नाही, कारण मग ज्याच्याकडे पैसा त्याला उजेड, आणि एकाच प्रकारच्या जुन्या जागेवर हक्क सगळ्यांचा सारखाच आहे.

आता फॉर्म. २४ फ्लॅट क्रमाने लिहा म्हटलं की लोक पाच लिहितात आणि थांबतात. अपुरी यादी ही सगळ्यात मोठी अडचण, कारण शेवटी पाळी आलेल्याचे पाचही गेलेले असतात आणि मग त्याच्या वतीने कोण निवडणार? उपाय असा केला: पहिले आठ स्वतः लिहायचे आणि उरलेल्यांसाठी एक नियम निवडायचा. आधी मजला पाहायचा की दिशा. मजला असेल तर वरून खाली की खालून वर. दिशेचा क्रम काय. त्यावरून प्रोग्रामने पूर्ण यादी करून छापली आणि ती प्रत्येकाकडून सहीने परत घेतली. सहीच्या वेळी अर्ध्याहून जास्त लोकांनी खालच्या क्रमांकांत फेरफार केले. तेच हवं होतं.

भरताना चुका आकड्यांच्या झाल्या. काहींनी मराठी आकडे लिहिले, काहींनी इंग्रजी, काहींनी एकाच ओळीत दोन्ही. हाताने लिहिलेला मराठी ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. एका फॉर्मवरचा ४०३ टाइप करताना ८०३ झाला. तो लगेच पकडला गेला, कारण आठव्यावर फ्लॅटच नाहीत. मराठी १ आणि इंग्रजी नऊ मात्र जास्त घातक. घाईत लिहिलेला १००३ तपासताना तीनदा बघावा लागला. संगणकावर आणखी एक गंमत होते: पायथन देवनागरी आकड्यांची मजकुरातून संख्या विनातक्रार करतो, पण तेच मजकूर म्हणून ताडले तर मराठीतला ५०३ आणि इंग्रजीतला ५०३ हे दोन वेगळे फ्लॅट ठरतात. म्हणून आधी सगळ्याची संख्या करून घ्यायची, आणि मग प्रत्येक ओळीसाठी एकच चाचणी: यादी चढत्या क्रमाने लावली की ती मंजूर फ्लॅटांच्या यादीशी तंतोतंत जुळलीच पाहिजे. एखादा फ्लॅट दोनदा आला, एखादा राहिला, नसलेला घुसला, हे सगळं या एका तपासणीत सापडतं. शिवाय दोन माणसांनी स्वतंत्रपणे भरायचं आणि दोन फाइली ताडून पाहायच्या. फरक नऊ निघाले, सगळे मूळ फॉर्म बघून मिटले.

याद्या बंद झाल्यावर एकदा अंदाज काढला: १०,००० यादृच्छिक क्रम चालवून प्रत्येकाला पहिल्या पाचांतलं काही मिळण्याची शक्यता किती. अचूक उत्तर काढायचं तर २४ जणांचे सगळे क्रम तपासावे लागतील आणि ती संख्या स्वतःच २४ आकडी आहे. १०,००० फेऱ्यांत चूक साधारण एक टक्क्याच्या आत राहते, तेवढं पुरतं. हा अंदाज याद्या बंद होण्याआधी मात्र कोणालाही दाखवू नये. पद्धत लबाडीला वाव देत नसली तरी टक्के दिसले की लोक याद्या बदलायला धावतात आणि स्वतःचंच नुकसान करून घेतात.

आता सगळ्यात नाजूक भाग: क्रम कोण काढणार? "कॉम्प्युटरने काढला" या वाक्यावर कोणी विश्वास ठेवू नये. प्रोग्राम लिहिणारा घरी शंभर वेळा चालवून आवडता क्रम आणू शकतो. म्हणून यादृच्छिकतेचं बीज, म्हणजे ज्या आकड्यावरून क्रम निघतो तो, असं हवं की जे आधी कोणालाच माहीत नाही आणि नंतर सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत त्यासाठी दूर जायला नको: ठरलेल्या दिवशीचा सेन्सेक्सचा बंद आकडा. तारीख तीन आठवडे आधी ठरावात लिहिली. त्या दिवशी बाजार बंद असेल तर पुढचा कामकाजाचा दिवस. बाजार साडेतीनला बंद होताना पडद्यावर दिसणारा आकडा आणि नंतर जाहीर होणारा बंद आकडा यांत फरक पडायचा, कारण बंद भाव तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासाच्या व्यवहारांच्या सरासरीवरून निघायचा. म्हणून रात्री आठनंतर बीएसईच्या संकेतस्थळावर असेल तोच आकडा, असंही लिहून ठेवलं.

आणि त्या दिवशी दुपारी तीनच्या आधी सगळ्या याद्यांच्या फाइलचा एसएचए-२५६ ठसा नोटीस बोर्डावर लावला. हा ठसा म्हणजे फाइलमधून निघणारी ६४ चिन्हांची ओळ. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ती पूर्ण बदलते. बीज कळल्यावर कोणी यादीत हात घातला असता तर तो तिथेच पकडला गेला असता.

क्रम काढायला पायथनचं तयार पिसण्याचं फंक्शन वापरलं नाही. तेच बीज दिलं तरी वेगळ्या आवृत्तीत तोच क्रम येईल अशी हमी त्याला नाही, आणि दुसऱ्या भाषेत तपासायला बसलेल्याला तो येणारच नाही. त्याऐवजी सेन्सेक्सचा आकडा, उभी रेघ आणि सदस्याचा दोन अंकी क्रमांक एवढाच मजकूर घेऊन त्याचा ठसा काढायचा, आणि सगळे ठसे चढत्या क्रमाने लावायचे. पहिली चार चिन्हंच बहुतेक वेळा निकाल देतात. नावं घेतली नाहीत, कारण स्पेलिंगवरून वाद होतात. आकड्यात स्वल्पविराम नाही, दशांशानंतर दोन अंक, एक ते नऊच्या आधी शून्य, अंक इंग्रजी, मध्ये कुठेही जागा नाही. हे सगळं नमुन्यासह छापून दिलं होतं, तरी तपासणी करणाऱ्या एका सदस्याचा ठसा जुळेना. त्याच्या मजकुराच्या शेवटी नवीन ओळीचं न दिसणारं चिन्ह चिकटलं होतं. ते काढल्यावर सगळे जुळले. असा सराव आदल्या दिवसाच्या सेन्सेक्सवर एकदा करून घ्यावा. खऱ्या दिवशी जुळलं नाही तर कारण कितीही साधं असो, सभेत संशय पसरतो.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिंतीवर दोन मोठे तक्ते लावले, एका बाजूला क्रम, दुसऱ्या बाजूला फ्लॅट. प्रोग्रामचा निकाल लिफाफ्यात बंद. सदस्यांनीच एकेक यादी मोठ्याने वाचली, मार्करने फ्लॅट खोडले. दोन्ही प्रकार मिळून ५० मिनिटं लागली. मग लिफाफा उघडला, निकाल तोच. ही पद्धत निवडण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे: ती पेन्सिलीने तपासता येते. ज्या आजोबांना चिठ्ठीच हवी होती त्यांनीच शेवटचे सहा फ्लॅट खोडले.

त्यानंतर सात दिवस अदलाबदलीसाठी मोकळे ठेवले. सिद्धांताप्रमाणे गरज नव्हती, पण यादी मुलाने भरली आणि राहणार आई, असं होतं. एकच अदलाबदल झाली. ही मुदत पर्यायी जागेच्या करारनाम्याच्या आधीच असावी. करार नोंदणीकृत झाल्यावर फ्लॅट बदलायचा तर पुरवणी करार आणि पुन्हा नोंदणी.

पार्किंगला हाच क्रम उलटा लावला: फ्लॅट शेवटी मिळालेल्याला गाडीची जागा आधी. इथे अट वेगळी येते. स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या ठेवायच्या) काही कप्प्यांत उंच गाडी बसत नाही, म्हणून प्रत्येकाच्या गाडीची उंची आधी घ्यायची आणि ज्या जागी ती बसणार नाही ती त्याच्या यादीतून वगळायची. एवढं केलं तरी शेवटी उंच गाडीवाल्यासाठी फक्त बुटके कप्पे उरू शकतात. त्यामुळे प्रत्येक निवडीआधी प्रोग्राम तपासत होता की ही जागा दिली तर उरलेल्या सगळ्या गाड्या उरलेल्या जागांत बसतात का. बसत नसतील तर ती निवड बाद आणि त्या सदस्याच्या यादीतली पुढची जागा. फ्लॅटच्या प्रोग्रामपेक्षा हा भाग दुप्पट लांब झाला. याद्यांची फाइल, ठसा, सेन्सेक्सचा आकडा, नमुन्याचा मजकूर आणि दोन्ही तक्त्यांचे फोटो सभेच्या इतिवृत्ताला जोडून ठेवले आहेत.